कोसला (कादंबरी)

हा लेख भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबरीविषयी आहे. प्राचीन जनपदाच्या माहितीसाठी 'कोसल' हा लेख पाहावा.

कोसला ही भालचंद्र नेमाडे यांनी लिहिलेली मराठी कादंबरी होय. ती १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनी या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. नेमाडे यांची ही पहिली कादंबरी असून प्रकाशनसमयी त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. खानदेशातील खेड्यातून उच्च शिक्षणासाठी पुण्यास आलेला आणि पदवी न घेताच गावी परतणारा पांडुरंग सांगवीकर हा तिचा नायक व निवेदक आहे. चढत जाणारे कथानक, प्रेमप्रकरण, उत्कर्षबिंदू आणि शेवटी उकल ही मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेली घडण या कादंबरीत नाही. आठवणी, रोजनिशीच्या नोंदी, मित्रांच्या गप्पा, भावी काळातील इतिहाससंशोधकाच्या नजरेने वर्तमानाकडे पाहणारा विनोदी भाग, लेण्यांच्या भेटीचे चिंतन असे भिन्न प्रकारचे लेखन तीत एकमेकांशेजारी येते. त्यामुळे प्रथम वाचनात ती अनेकांना विस्कळीत वाटते. मराठी कादंबरीच्या इतिहासात मात्र तिच्यापासून नवा टप्पा मानला जातो.

शीर्षक

'कोसला' म्हणजे रेशमाच्या किड्याने स्वतःभोवती विणलेला कोश. या प्रतिमेचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. कोशातील किडा पुढे पंख फुटून बाहेर पडतो, हा एक अर्थ. आणि रेशीम काढावयाचे असेल तर तो कोश किड्यासकट उकळत्या पाण्यात टाकतात, हा दुसरा. पांडुरंगाच्या वाट्याला यांपैकी काय आले, हे कादंबरी सांगत नाही. शीर्षकाचा खुलासा न करण्याची ही पद्धत पुढील सर्व पानांवर चालू राहते, हे वाचकाने आरंभीच ध्यानात घेतलेले बरे.

पार्श्वभूमी

नेमाडे यांचा जन्म २७ मे १९३८ रोजी जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यातील सांगवी या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात व पुढे डेक्कन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. मुंबईतील काही काळाच्या वास्तव्यानंतर गावी परतले असताना त्यांनी ही कादंबरी थोडक्या दिवसांत लिहून पूर्ण केली. प्रकाशक रा. ज. देशमुख यांनी ती लगोलग छापली.

या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळी मराठी वाचकाच्या हाती कोणती पुस्तके होती ते पाहावे लागते. वि. स. खांडेकर यांची 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली होती आणि तीही याच देशमुखांनी प्रकाशित केली होती. रणजित देसाई यांची 'स्वामी' आणि श्री. ना. पेंडसे यांची 'रथचक्र' या दोन्ही कादंबऱ्या १९६२ सालच्या. 'ययाति'चे निवेदनही प्रथमपुरुषी आहे. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली कहाणी स्वतः सांगतात. परंतु तिघांचीही भाषा एकाच घडणीची, सुभाषितांनी नटलेली आहे. 'कोसला'तील 'मी' असा नटलेला नाही. तो अडखळतो, विषय सोडून भलतीकडे जातो, स्वतःचीच चेष्टा करतो आणि महत्त्वाची गोष्ट ओझरती सांगून टाकतो. एकाच प्रकाशकाच्या यादीत चार वर्षांच्या अंतराने हे दोन 'मी' यावेत, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील लक्षणीय गोष्ट आहे.

रचनेचे प्रयोग मराठीत त्यापूर्वी झाले नव्हते असे नाही. वामन मल्हार जोशी यांची 'इंदु काळे व सरला भोळे' (१९३४) ही पत्रांतून उलगडणारी कादंबरी आहे. बा. सी. मर्ढेकर यांनी 'रात्रीचा दिवस' (१९४२) मध्ये मनातील विचारांचा अखंड ओघ शब्दांत पकडण्याचा प्रयत्न केला. मर्ढेकरांचा हा प्रयोग अभ्यासकांपुरता राहिला. 'कोसला' मात्र वसतिगृहांच्या खोल्यांतून हातोहात फिरली. ज्या पिढीने ती वाचली त्याच पिढीने साठच्या दशकात लघुअनियतकालिकांची चळवळ चालविली. अशोक शहाणे, दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, भाऊ पाध्ये हे त्या काळचे लेखक होत. स्वतः नेमाडे यांनी 'वाचा' या अनियतकालिकाचे संपादन केले.

कथानक

कथानक थोडक्यात सांगता येते आणि तसे सांगितल्याने पुस्तकाविषयी फारसे काही कळत नाही. पांडुरंग हा सांगवीच्या सधन शेतकरी कुटुंबातील मुलगा. वडील करारी व व्यवहारी. शाळेचे शिक्षण संपवून तो पुण्यास महाविद्यालयात येतो, वसतिगृहात राहतो. प्रारंभी तो उत्साहाने निरनिराळ्या मंडळांची कामे अंगावर घेतो, मित्रांसाठी मुक्तहस्ताने खर्च करतो, खानावळीच्या कारभारात पडतो आणि हिशेबात अडकतो. अभ्यास मागे पडतो, परीक्षा बिघडते, वडिलांशी पैशावरून खटके उडतात. धाकट्या बहिणीच्या मृत्यूने तो आतून कोसळतो. अखेरीस पदवीवाचून गावी येतो आणि तेथील बेकार तरुणांत मिसळून जातो. निवेदन करताना तो पंचवीस वर्षांचा आहे.

कथासारात येथे काहीच थरारक नाही. आळेफाट्यावरून किंवा मंचरहून एस.टी.ने पुण्यास शिकावयास गेलेल्या आणि दोन-तीन वर्षांनी ट्रंक व वळकटी घेऊन परत आलेल्या कित्येक मुलांची हीच हकिकत असते. गावात तिला 'पोरगं वाया गेलं' या तीन शब्दांत गुंडाळतात. नेमाडे यांनी त्या तीन शब्दांच्या जागी तीनशेहून अधिक पाने लिहिली, आणि ती लिहिताना 'वाया गेलं' हा निकाल मान्यही केला नाही, फेटाळलाही नाही.

रचना

कादंबरीचे सहा असमान भाग आहेत. त्यांना एका सूत्रात ओवणारी गोष्ट म्हणजे केवळ निवेदकाचा आवाज. काळाचा क्रम ढोबळमानाने बालपणापासून पंचविशीपर्यंतचा असला तरी प्रत्येक भागात लेखनाची रीत पालटते. कोठे दीर्घ आठवणी येतात, कोठे प्रसंग एका वाक्यात उरकला जातो, कोठे पानेच्या पाने गप्पांनी भरतात.

रोजनिशीचा भाग हा वाचकाची सर्वांत कडक परीक्षा घेणारा होय. तीत एका वर्षातील नोंदी येतात. काही नोंदी एखाद्या ओळीच्या, काही परिच्छेदभर लांब. खाणे, झोप, पाऊस, पैसे, कोणी आले, कोणी गेले असा मजकूर. आदल्या नोंदीचा पुढच्या नोंदीशी संबंध असेलच असे नाही. अनेक वाचक येथे पाने उलटू लागतात. परंतु कंटाळा हाच या भागाचा विषय आहे, आणि कंटाळ्याचे वर्णन करून वाचकाला कंटाळा कळत नाही. तो थोडा सोसावा लागतो. रोजनिशीत निष्कर्ष काढण्याची सोय नसते, कारण लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नसते. मागे वळून गोष्ट सांगणारा पंचवीस वर्षांचा पांडुरंग येथे बाजूला होतो आणि त्या त्या दिवशी खोलीत बसलेला पांडुरंग बोलू लागतो. निवेदकाची ही अदलाबदल ध्यानात आली की नोंदींचा सुटेपणा खटकत नाही.

भावी काळातील संशोधकाच्या भूमिकेतून लिहिलेला भाग याच्या उलट टोकाचा आहे. पांडुरंग व त्याचा मित्र आपल्या भोवतालच्या जीवनाकडे, जणू ते शेकडो वर्षांपूर्वी लोपलेले असावे, अशा थाटात पाहतात. दैनंदिन वस्तूंवरून नि रीतिरिवाजांवरून गंभीर चेहऱ्याने अनुमाने काढतात. इतिहासलेखनाच्या भाषेचे हे विडंबन अत्यंत हसविणारे आहे. पण हसून झाल्यावर लक्षात येते की, जिवंत माणसांकडे मेलेल्यांसारखे पाहण्याची ही सवय निवेदकाने काही उगाच लावून घेतलेली नाही. स्वतःच्या आयुष्यापासून अंतर राखण्याचा तो एक उपाय आहे.

बहिणीच्या मृत्यूच्या भागात हा उपाय चालत नाही. तोवर प्रत्येक गोष्टीला बगल देणारा, चेष्टेवारी नेणारा निवेदक येथे उघडा पडतो. घरातील माणसांवरचा राग, त्या वेळी आपण तेथे नव्हतो याची टोचणी आणि लहान मुलीच्या बारीकसारीक आठवणी यांची येथे सरमिसळ होते. मराठी गद्यातील दुःखाच्या सर्वोत्कृष्ट चित्रणांत या पानांची गणना होते. अजिंठ्याच्या लेण्यांना दिलेल्या भेटीचे चिंतन याच्याशी जोडूनच वाचावे लागते. लेण्यांतील बुद्धाच्या सान्निध्यात निवेदकाच्या वैयक्तिक शोकाला प्राचीन आणि सर्वांच्या दुःखाची पार्श्वभूमी मिळते. सांत्वन मात्र मिळत नाही.

म्हणून 'कोसला'तील लेखनप्रकारांची अदलाबदल ही केवळ नावीन्याची हौस आहे, असे म्हणता येत नाही. जे सरळ सांगता येत नाही तेथे निवेदक रीत बदलतो. कोणत्या जागी त्याने कोणती रीत धरली हे पाहत गेले की पुस्तकाचा आतला आलेख दिसू लागतो. कथानकाचा आलेख शोधणाऱ्या वाचकाला मात्र तो सापडत नाही.

भाषा

'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे पांडुरंगाचे दोन लाडके शब्द मराठीत इतके गाजले की त्यानंतर काही वर्षे महाविद्यालयीन नियतकालिकांतील प्रत्येक कथेचा नायक ते वापरू लागला. अनुकरण करणाऱ्यांच्या हाती शब्द आले, कारण आले नाही. मूळ पुस्तकात 'उदाहरणार्थ' हा शब्द जेथे उदाहरणाची काहीच गरज नाही तेथे येतो. स्वतःचे वय, स्वतःची कृती, स्वतःची भावना यांनाही निवेदक असंख्यांपैकी एक नमुना म्हणून पुढे ठेवतो. 'वगैरे'ने तो वाक्य पुरे करण्याचे टाळतो. दोन्ही शब्द संकोचाचे आहेत. पांडित्याच्या भाषेतून उचललेले शब्द पोरसवदा तोंडी घातल्यामुळे त्यांतून विनोदही साधतो.

संवाद पुष्कळदा अवतरणचिन्हांवाचून निवेदनातच मिसळलेले असतात. कोण बोलले हे स्वरावरून ओळखावे लागते. खानदेशी बोलीचे शब्द, वसतिगृहातील मुलांची परिभाषा आणि शाळेत घोटून घेतलेले पुस्तकी मराठी असे तीन थर एकाच परिच्छेदात आढळतात. छोट्या, कर्ता-क्रियापदापुरत्या वाक्यांच्या मांडणीत महानुभाव गद्याचा, विशेषतः म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'चा, संस्कार अभ्यासकांना दिसतो. तेराव्या शतकातील तो ग्रंथही सुट्या, छोट्या प्रसंगांचा बनलेला आहे. प्रसंग सांगावा, त्यावर भाष्य करू नये, आणि पुढील प्रसंगाकडे वळावे ही त्याची रीत. 'कोसला'ची रचना पाश्चात्त्य कादंबरीवरून घेतली असे म्हणणाऱ्यांनी हे नाते तपासून पाहण्यासारखे आहे.

वाचनातील अडचणी

पहिली अडचण आरंभीच्या पानांवरच येते. निवेदक स्वतःची ओळख करून देतो, पण कहाणी ऐकण्यासाठी वाचकाला बसवून घेत नाही. उलट तिच्यात विशेष काही नाही असेच सुचवितो. 'पुढे काय झाले' या उत्कंठेवर वाचन करण्याची ज्याला सवय आहे त्याचा येथे हिरमोड होतो. पहिली पन्नास पाने 'हा असे का बोलतो' या प्रश्नाने वाचल्यास वाट मोकळी होते.

दुसरी अडचण विनोदाची. निवेदक जे म्हणतो ते त्याला तसेच म्हणावयाचे असते असे नाही. मोठमोठ्या कल्पनांची तो टर उडवितो म्हणून त्याला त्यांचे काहीच वाटत नाही असा समज करून घेणारे वाचक बहिणीच्या मृत्यूच्या भागापाशी गोंधळतात. एवढा बेफिकीर मुलगा एकाएकी इतका हळवा कसा झाला, असा प्रश्न त्यांना पडतो. तो बेफिकीर कधीच नव्हता, हे मागील पाने पुन्हा चाळल्याशिवाय ध्यानात येत नाही. दुसऱ्या वाचनात हे पुस्तक अधिक सोपे आणि अधिक दुःखी वाटते, याचे कारण हेच.

तिसरी अडचण आत्मचरित्राच्या संशयाची. लेखक सांगवीचा, नायकाचे आडनाव सांगवीकर. लेखक पुण्यात शिकला, नायकही पुण्यात शिकतो. त्यामुळे प्रत्येक प्रसंगामागील खरी व्यक्ती हुडकण्याचा मोह होतो. परंतु पांडुरंगाला पदवी मिळत नाही आणि लिहिण्याने त्याचे काही भले झाल्याचेही दिसत नाही. नेमाडे मात्र पदवीधर होऊन पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले. लेखकाच्या चरित्राची किल्ली लावून पाहिली तर कुलूप उघडल्यासारखे वाटते, आत मात्र काही सापडत नाही.

चौथी अडचण वर्गातली आहे. विद्यापीठीय अभ्यासक्रमांत ही कादंबरी अनेक वर्षे नेमली गेली आणि 'पांडुरंग सांगवीकरचे स्वभावचित्र रेखाटा' यासारखे प्रश्न तिच्यावर विचारले गेले. तयार टिपणांत त्याच्या स्वभावाचे गुणदोष क्रमांक घालून दिलेले असतात. शिक्षणसंस्था, परीक्षा आणि पाठ केलेली उत्तरे यांची ज्या पुस्तकाने सतत टवाळी केली, त्याच पुस्तकाची ही गत व्हावी हे पांडुरंगाला नक्कीच आवडले असते. विद्यार्थ्यांना त्यातील काही पाने, विशेषतः गप्पांची, मोठ्याने वाचून दाखविल्यास टिपणांची गरज बरीच कमी होते. वाक्यांची लय बोलण्याची असल्यामुळे डोळ्यांना जे तुटक दिसते ते कानाला सलग ऐकू येते. खानदेशी शब्दांसाठी शब्दकोश घेऊन बसण्याचेही कारण नाही. बहुतेकांचा अर्थ प्रसंगावरून लागतो.

स्वीकार व टीका

पु. ल. देशपांडे यांनी कादंबरीचे मनापासून स्वागत केले. नव्या लेखकाच्या, रूढ अभिरुचीला छेद देणाऱ्या पुस्तकामागे त्या काळचा सर्वांत लोकप्रिय लेखक उभा राहिला, याचा परिणाम झाला. तरुण वाचकांनी ती आपली मानली. प्रतिकूल मतेही होती. हिला कादंबरी म्हणावे काय, असा प्रश्न उपस्थित झाला. रचना सैल आहे, नायक निष्क्रिय आहे, मूल्यांविषयी तुच्छता आहे असे आक्षेप घेण्यात आले. जे. डी. सॅलिंजर यांच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) या अमेरिकी कादंबरीशी तिची तुलना वारंवार केली जाते. शिक्षणसंस्थेतून बाहेर पडलेला तरुण निवेदक, मोठ्यांच्या ढोंगाची चीड, लहान बहिणीवरील माया ही साम्ये उघड आहेत. पण सॅलिंजरच्या नायकाला परत जाण्यासाठी गाव नाही. पांडुरंगाला शेत आहे, भाऊबंद आहेत, वडिलांचा धंदा आहे, आणि त्या सर्वांचे ओझेही आहे. हा फरक लहान नव्हे.

अस्तित्ववादी कादंबरी म्हणूनही 'कोसला'ची मांडणी केली गेली. हे वर्णन उपयुक्त असले तरी अपुरे आहे. निरर्थकतेची जाणीव येथे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतून आलेली नसून मनीऑर्डर, हजेरी, परीक्षा आणि दवाखाना यांतून आलेली आहे. स्त्रीपात्रांना अगदी थोडी जागा मिळाल्याचा आक्षेप अधिक टिकाऊ आहे. आई, बहिणी व आजी यांच्यापलीकडे स्त्रीजीवन या पुस्तकाला फारसे दिसत नाही. मुलांच्या वसतिगृहाच्या भिंतींइतकीच त्याची नजर जाते.

बाबा भांड यांनी संपादित केलेल्या 'कोसलाबद्दल' या ग्रंथात या कादंबरीवरील लेख एकत्र करण्यात आले आहेत. एकाच मराठी कादंबरीवर असा स्वतंत्र लेखसंग्रह निघणे दुर्मीळ होय.

नेमाडे यांची कादंबरीविषयक भूमिका

नेमाडे यांनी पुढे समीक्षक म्हणून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती सांगितल्या आणि आरंभकाळातील तीन कादंबऱ्यांवरून त्यांना नावे दिली. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७), लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रा. भि. गुंजीकर यांची 'मोचनगड' (१८७१) या त्या होत. भोवतालच्या समाजाशी थेट भिडणारी 'यमुनापर्यटन'ची प्रवृत्ती त्यांना मोलाची वाटते. विधवांच्या हालांविषयीचे ते पुस्तकही प्रवासात भेटलेल्या माणसांच्या कहाण्या एकामागून एक ठेवत जाते. घट्ट कथानकाची त्याला फिकीर नाही. या दृष्टीने पाहता 'कोसला'ची अपरिचित वाटणारी रचना मराठी कादंबरीच्या पहिल्याच पुस्तकाला अधिक जवळची ठरते. हे विवेचन 'टीकास्वयंवर' या ग्रंथात आले असून त्या ग्रंथास १९९१ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

उत्तरकाळ

'कोसला'नंतर नेमाडे यांनी 'बिढार', 'हूल', 'जरीला' आणि 'झूल' या चार कादंबऱ्यांत चांगदेव पाटील या प्राध्यापकाची कहाणी सांगितली. त्यांची रचना तुलनेने सरळ आहे. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) मध्ये मात्र पुरातत्त्वाचा अभ्यासक असलेला खंडेराव हा नायक आहे, आणि 'कोसला'त दोन मित्रांनी थट्टेने चालविलेले उत्खनन तेथे खरोखरीचे होते. नेमाडे यांना २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार देण्यात आला.

इतर लेखकांनी रचनेच्या प्रयोगाची वाट आपापल्या रीतीने पुढे नेली. किरण नगरकर यांची 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) काळाचा क्रम पार मोडते. पाढा चुकविणारे तिचे शीर्षकच वाचकाला सावध करते. श्याम मनोहर यांच्या 'हे ईश्वरराव... हे पुरुषोत्तमराव', 'कळ' आणि 'उत्सुकतेने मी झोपलो' या कादंबऱ्या त्याहून वेगळ्या प्रकारे अवघड आहेत. त्यांतील वाक्ये साधी असतात, पण ती कोठे नेतील याचा अंदाज येत नाही. 'कोसला' पचविलेल्या वाचकालाही तेथे पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आवृत्त्या व अनुवाद

कादंबरीच्या पुढील आवृत्त्या मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढल्या असून ती आजही उपलब्ध आहे. सुधाकर मराठे यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 'ककून' या नावाने १९९७ साली प्रसिद्ध झाला. हिंदी अनुवाद भगवानदास वर्मा यांचा आहे. 'वगैरे' हा शब्द हिंदी वाचकाच्या ओळखीचा असल्यामुळे तेथे निवेदकाचा संकोच बराचसा शाबूत राहू शकतो. इंग्रजीत त्यासाठी प्रत्येक वेळी नवी तजवीज करावी लागते, आणि खानदेशी बोली व पुस्तकी मराठी यांतील अंतर तर अनुवादात आणणे जवळजवळ अशक्यच आहे.